क्रेडिट मोजत जा

चि. ओंकार,


परवा दादाचा फोन आला होता. तू म्हणे घरात सांगून टाकलंस, अर्थशास्त्र नीट केलं की झालं, ते दोन-दोन क्रेडिटचे विषय कसेही निघतात. म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या परीक्षा विभागात गेली. मुख्य विषयात नापास झालेला मुलगा निदान सावध असतो, जोर लावून पेपर काढतो. फसतो तो पर्यावरणासारख्या पेपरात. दुसऱ्या वर्षी राहिलेला असतो, ‘बघू नंतर’ म्हणत विसरून जातो. मग एम.ए.च्या प्रवेशाची शेवटची तारीख आली की गुणपत्रिका हातात घेऊन स्वारी आमच्या खिडकीशी. बाकी सगळीकडे उत्तम गुण, आणि एका ओळीत ‘एफ’. त्याला आम्ही काय सांगणार? पुढच्या परीक्षेचा फॉर्म भर.

तुमच्या नव्या शैक्षणिक धोरणात अशा ओळी वाढल्या आहेत. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, म्हणजे सहा सत्रांत दर वेळी वीस-बावीस. ती सगळी मेजरमधून, म्हणजे तुझ्या अर्थशास्त्रातून, येत नाहीत. मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, भाषा, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, एनएसएस किंवा खेळ, तिसऱ्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग. प्रत्येकाचा रकाना वेगळा. अर्थशास्त्रात नव्वद मिळवलेस तरी भाषेची दोन क्रेडिट त्यातून वळती होत नाहीत.

एटीकेटीचंही तसंच. ती तुला पुढच्या वर्गात बसू देते, राहिलेला पेपर माफ करत नाही. आणि इंटर्नलची सबमिशन वेळेवर दे. लेखी परीक्षेत चांगले गुण आणि इंटर्नलला ‘गैरहजर’, असा निकाल मी कितीदा पाहिला. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास वर्ग, प्रात्यक्षिकाचं तीस; दोन क्रेडिटच्या पेपराला मुळात तासच थोडे, त्यात दांड्या मारल्यास तर उरतं काय?

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, हेही तुझ्या कानावर आलंय म्हणे. त्यासाठी चार क्रेडिटचं जादा काम करावं लागतं, आणि तीन वर्षांच्या आत परत यावं लागतं. आजारपण, घरची अडचण यांसाठी ही सोय चांगली आहे. तुला दोन्ही नाही. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. फक्त संशोधनासह ऑनर्स करायचं मनात असेल, तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, एवढं ठाऊक असू दे.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा एबीसी आयडी काढला असशील, त्यावरचं नाव बघ. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. त्यात स्पेलिंगचा एखादा ‘ए’ इकडेतिकडे. नावं जुळली नाहीत की क्रेडिट खात्यात जमा व्हायला अडचण येते. दुरुस्तीचा अर्ज आत्ताच दे, मार्चमध्ये ऑफिसात कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेचा फोटो पाठव. मिळालेल्या क्रेडिटचा रकाना नीट दिसला पाहिजे. वहिनीला सांग, लोणचं पोचलं.

तुझी,
आत्या