काळी तार

मोटारसायकलची सीट काढली किंवा बाजूचे झाकण उघडले, की आत बॅटरी दिसते. तिला दोन टोके असतात. एका टोकाजवळ अधिकची खूण असते, दुसऱ्याजवळ उण्याची. अधिकच्या टोकाला लाल तार जोडलेली असते. दिवा, हॉर्न आणि इंजिन फिरवणारी छोटी मोटर यांच्याकडे तिथूनच वीज जाते. या मोटरला गॅरेजात 'सेल्फ' म्हणतात. उण्याच्या टोकाला काळी तार असते. ती कोठे जाते? फार लांब नाही. ती इंजिनाला किंवा गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, बोल्टने आवळलेली असते.

कारागीर तिला 'अर्थची वायर' म्हणतात. हा 'अर्थ' म्हणजे मतलब नव्हे! हा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा मतलब आहे जमीन. खरे तर ही तार जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. गाडी रबरी चाकांवर उभी असते. इथे जमिनीचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो.

बॅटरीतून निघालेला विजेचा प्रवाह कोठे संपून जात नाही. तो एका टोकातून निघतो आणि दुसऱ्या टोकाशी परत येतो. परतीची वाट बंद झाली, तर जाण्याची वाटही बंद होते. काही गाड्यांत दिव्यांसाठी एक बारीक तार वेगळी असते. पण सेल्फचा मोठा प्रवाह याच जाड काळ्या तारेने परत येतो.

मालेगावात पहाटे दुकानादुकानांत पाव आणि खारी पोहोचवणारे एक चाचा होते. त्यांच्या गाडीला किक नव्हती. आजच्या पुष्कळ गाड्यांना ती नसतेच. काही दिवसांपासून बटण दाबले की 'टक' असा आवाज येई, इंजिन जरासे कण्हे आणि गप्प होई. दिवा मात्र लख्ख लागे. चाचा अंधारात गाडी ढकलून सुरू करत. पाव पोहोचायला उशीर होऊ लागला. एका दुकानदाराने तर दुसऱ्याकडून माल घ्यायला सुरुवात केली. शेवटी चाचा गॅरेजात आले.

"उस्ताद, नवी बॅटरी टाका. हजार लागोत, दीड हजार लागोत."

"चाचा, ही बॅटरी कधी घेतली होती?"

"आठ महिने झाले असतील."

"मग जरा थांबा. आधी पाहू या."

उस्तादांनी मीटर आणला. बॅटरीच्या दोन टोकांवर त्याच्या सुया टेकवल्या. आकडा आला १२.६ व्होल्ट. बॅटरी चांगली भरलेली होती. मग त्यांनी एक सुई उण्याच्या टोकावरच ठेवली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली.

"गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना? आता बटण दाबा."

आकडा झरकन ५ व्होल्टवर गेला.

"पाहिलेत, चाचा? तार चांगली असती, तर इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसला नसता. तुमची वीज वाटेतच संपते आहे."

उस्तादांनी काळी तार हाताने वाकवली. ज्या गोल पट्टीने ती बोल्टखाली बसते तिला थिंबल म्हणतात. त्या थिंबलजवळ तारेचे कवच फुगले होते. कवच कापताच आतून हिरवट पूड पडली. तांब्याच्या केसांसारख्या बारीक तारांपैकी बहुतेक तुटल्या होत्या. मोजक्याच शिल्लक होत्या. गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी आणि बॅटरीच्या आम्लाने हे काम हळूहळू केले होते.

मग दिवा कसा लागत होता? जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमात याचे उत्तर आहे. तारेचा अडथळा आणि तिच्यातून जाणारा प्रवाह यांचा गुणाकार केला, की तिच्यात किती व्होल्ट वाया जातात ते कळते. समजा, खराब तारेचा अडथळा ०.१ ओहम आहे. दिव्याला सुमारे ३ अँपिअर लागतात. ३ गुणिले ०.१ म्हणजे ०.३ व्होल्ट. दिव्याला ते जाणवतही नाही. पण सेल्फला ५० अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. ५० गुणिले ०.१ म्हणजे ५ व्होल्ट! बारातून पाच गेले, सात उरले. सातात इंजिन कसे फिरणार? म्हणून दिवा लागतो एवढ्यावरून तार चांगली आहे असे समजू नये. अशा वेळी पुष्कळ लोक बॅटरी बदलतात आणि तार तशीच ठेवतात. हा निव्वळ पैशांचा नाश आहे. शिवाय परतीची वाट अरुंद झाली, की प्रवाह कधी कधी क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते.

तार बदलण्याचे काम सोपे आहे, पण ते मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. चावी बंद करावी. बॅटरीजवळ काडी पेटवू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो. सोडताना उण्याचे टोक आधी सोडावे. सांगाडा उण्याच्या टोकाशी जोडलेला असतो. त्यामुळे अधिकचे टोक आधी सोडताना पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. जोडताना क्रम उलटा: अधिक आधी, उणे शेवटी. (काही जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत अधिकचे टोक सांगाड्याला जोडलेले असे. म्हणून आधी नीट पाहावे, मग पाना उचलावा.)

नवी तार जुनीइतकीच जाड असावी. थोडी जास्त जाड चालेल, बारीक मुळीच नको. आता खरे महत्त्वाचे काम. थिंबल जिथे बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करावा. घाईत लोक हेच विसरतात, आणि रंगावर बसवलेली नवी तारही जुनीसारखीच वागते. बॅटरीच्या टोकावर पांढरी पूड असेल, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवावी. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग बोल्ट घट्ट आवळून वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. तार कोठे घासत नाही ना, हँडल वळवताना ताणली जात नाही ना, हेही पाहावे.

चाचांची तार अर्ध्या तासात बदलून झाली. उस्तादांनी पुन्हा मीटर लावला. या वेळी आकडा ०.२ च्या पुढे गेला नाही. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले.

स्वाध्याय

१. उस्तादांनी मीटरची दुसरी सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर का टेकवली?
२. उण्याचे टोक आधी का सोडतात? तुमच्या शब्दांत सांगा.
३. तारेचा अडथळा ०.०४ ओहम आणि प्रवाह ५० अँपिअर असेल, तर तारेत किती व्होल्ट वाया जातील?