प्रोस्टेटचा अहवाल : बेरजेपलीकडे वाचावे असे काही

बायोप्सीचा अहवाल हाती पडताच नातेवाईक पुष्कळदा थेट आमच्या कार्यालयात येतात. पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशनला खर्च किती?" आम्ही हिशेब सांभाळणारी माणसे; वैद्यकशास्त्र आमचे क्षेत्र नव्हे. तथापि तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते वाचकांसमोर नम्रपणे ठेवीत आहोत.

प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने साधारणतः 10 ते 12 बारीक तुकडे काढतात. त्यांपैकी किती तुकड्यांत व किती प्रमाणात कर्करोग आहे, हे अहवालात प्रथम पाहावे. त्यानंतर ग्लीसन गुणांक. सर्वाधिक आढळणाऱ्या पेशीरचनेचा आकडा आधी, दुसरा नंतर. 6 हा गुणांक '10 पैकी 6' असे समजून अनेकजण हादरतात. प्रत्यक्षात बायोप्सीच्या अहवालात सहसा आढळणारा तो सर्वांत खालचा गुणांक होय. 3+4 आणि 4+3 यांची बेरीज हिशेबाच्या वहीत एकच, 7. परंतु दुसरा आजार अधिक आक्रमक. म्हणूनच 2014 साली 1 ते 5 अशी श्रेणी ठरविण्यात आली. तीत 3+3 पहिल्या, 3+4 दुसऱ्या, तर 4+3 तिसऱ्या गटात येतो.

एम.आर.आय.मधील 'पाय-रॅड्स' 1 ते 5 हा आकडा केवळ संशयाची पातळी सांगतो. निदान बायोप्सीनेच होते. रोग ग्रंथीबाहेर गेला आहे काय, याचाही अंदाज एम.आर.आय. देतो. धोका अधिक असल्यास हाडांचा स्कॅन अथवा पेट स्कॅन करतात.

हे सर्व व पी.एस.ए. एकत्र ठेवूनच उपचार ठरतो. धोका कमी असल्यास नियमित तपासण्यांसह 'सक्रिय देखरेख' हाही मान्य मार्ग आहे. ब्रिटनमधील 1,643 रुग्णांच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार या तिन्ही गटांत 15 वर्षांत या रोगाने दगावणारे शंभरात सुमारे 3 होते. मात्र देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते. वरच्या श्रेणीत मात्र दिरंगाई परवडत नाही.

म्हणून विनंती अशी की, शेत विकण्याची बोलणी करण्यापूर्वी, अथवा भीतीपोटी अहवाल कपाटात ठेवण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारावे : श्रेणी कोणती? रोग ग्रंथीतच आहे काय? थांबता येईल काय? सर्व कागद, स्लाइड व ब्लॉक जपावेत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना ते उपयोगी पडतात. खर्चाचा प्रश्न त्यानंतर. त्यासाठी आमचे कार्यालय आहेच.