लस आधी कोणाला?



एप्रिल 2021 आठवून पाहा. 30 एप्रिल ते 2 मे असे तीन दिवस साठ्याअभावी महापालिकेला साऱ्या मुंबईतील लसीकरण बंद ठेवावे लागले. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसे आणि मजल्यावर सामायिक शौचालय. तिथे अंतर कसे राखणार? अशा वेळी पुण्यात तयार होणारी लस परदेशी का पाठवली, असे अनेकांनी रागाने विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

झाले होते असे. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याआधीच कंपन्यांशी करार करून साठे राखून ठेवले. एकट्या कॅनडाने आपल्या लोकसंख्येला अनेक वेळा पुरतील इतक्या मात्रा नोंदवल्या. बाकीच्या देशांनाही वाटा मिळावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना व इतर संस्थांनी 2020 मध्ये 'कोव्हॅक्स' योजना उभी केली. तिचा मोठा भार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होता. करार 20 कोटी मात्रांचा आणि दर मात्रेला फार तर तीन डॉलर. 24 फेब्रुवारी 2021 रोजी योजनेची पहिली खेप, सहा लाख मात्रा, घाना देशात उतरली, ती पुण्याचीच. महिन्याभरात आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि निर्यात जवळजवळ थांबली. कोव्हॅक्ससाठी ती पुन्हा सुरू झाली नोव्हेंबरात. तोवर आफ्रिकेत पहिली मात्रा घेतलेले कितीतरी लोक दुसरीची वाट पाहत राहिले.

निर्यात थांबवली हे पाप होते का? संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रीतीलाही क्रम असतो. जवळच्यांना आधी मदत करणे योग्यच. पण ते एक अपवादही सांगतात: परका टोकाच्या गरजेत असेल आणि आपला माणूस तितक्या गरजेत नसेल, तर आधी परक्याकडे धावावे. त्या उन्हाळ्यात आपली गरज टोकाचीच होती, त्यामुळे केवळ स्वार्थ म्हणून तो निर्णय मोडीत काढता येणार नाही. पण हाच निकष ज्यांचे तरुण, धडधाकट नागरिकही लस घेऊन मोकळे झाले होते त्या देशांना लावा. घानातली परिचारिका त्यांच्या आधी रांगेत यायला हवी होती.

आणखी एक अडचण होती. निम्म्या जगाची आशा मोजक्या कारखान्यांवर टांगलेली होती. आपल्या शेजारच्या परळची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ओडेसाचे वाल्डेमार हाफकिन 1896 मध्ये प्लेगच्या मुंबईत आले, इथेच लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला आली. आज तीच हाफकिन संस्था. जिथे रोग, तिथेच लस! 2021 मध्ये हाफकिनच्या नावाच्या सरकारी कंपनीलाही कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली. पण परवानगी एका पत्राने येते. तंत्र हाती यायला, यंत्रे बसवायला महिने जातात. ती तयारी साथीआधीच हवी.

भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर 2020 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटचे हक्क तात्पुरते शिथिल करण्याची मागणी केली. पोप फ्रान्सिस यांनीही मे 2021 मध्ये तिला पाठिंबा दिला. निर्णय जून 2022 मध्ये झाला, तोही बराच पातळ झालेला. तोवर टंचाई सरली होती.

20 मे 2025 रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. त्यानुसार पुढच्या महासाथीत करारात सामील कंपन्यांनी उत्पादनाचा पाचवा भाग जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करायचा: किमान निम्मा फुकट, उरलेला परवडणाऱ्या दरात. उरलेसुरले दान आणि आधीच ठरलेला वाटा यांत मला फार मोठा फरक दिसतो. मात्र जंतूंचे नमुने देणे आणि त्या बदल्यात लस मिळणे यांचे नियम तेव्हा वेगळ्या परिशिष्टासाठी बाकी ठेवले गेले, आणि सारी ओढाताण तिथेच आहे. इंडोनेशियाने 2007 मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले होते. नमुने आमचे, आणि त्यांतून झालेली लस मात्र आम्हालाच परवडत नाही, अशी त्यांची तक्रार होती.