टाकी मागे नको, हे मी लिहून दिलं होतं

आमच्या घरगाडीची पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मागे बसवू नका, हे मी फॅब्रिकेटरला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नाही, आकृती काढून दिली होती. तो कागद माझ्या फायलीत आहे, खाली त्याची सही आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बेंगळुरूच्या जयनगरातले आमचे काही स्नेही अजूनही मान डोलावत म्हणतात, "तुम्हीच काहीतरी हौसेचं मागितलं असणार." हौस माझी नव्हतीच, त्याची होती. छतावरची निळी एलईडीची पट्टी मी मागितली नव्हती. बॅटरीच्या खणाला काचेचं दार मागितलं नव्हतं. ओट्यावर क्वार्ट्झचा दगड तर मुळीच नाही.

दगडाचंच बघा. 20 मिलिमीटर जाडीचा क्वार्ट्झ एका चौरस मीटरला सुमारे 50 किलो भरतो. चालत्या गाडीत कोणी असला ओटा घालतं का? पण हा गृहस्थ आधी मॉड्युलर किचन करायचा, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे एक लांबट फ्लॅट. 18 मिलिमीटरचा प्लाय सगळीकडे. आठ बाय चारची एक शीट पस्तीस-चाळीस किलोंची, आणि अशा शीटा तो मोजतही नव्हता. मी म्हटलं, "12 मिलिमीटरचा वापरा, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर." तो म्हणाला, "स्ट्राँग पाहिजे ना सार? टेन्शन बेड." म्हणजे टेन्शन नको.

गाडी ट्रॅव्हलर, 3350 वाली, बिनखिडक्यांची डिलिव्हरी व्हॅन. ती का घेतली, आमच्या हिच्या गुडघ्यांचं काय, हॉटेलांतल्या संडासांचं काय, हे सगळं इथे उगाळत नाही. ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन बेंगळुरू ते कोल्हापूर एका दमात प्रवास केलाय, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

माझा भाचा टेक्ससला असतो. त्याच्याकडे फिफ्थ-व्हील आहे, म्हणजे पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायची भलीमोठी घरगाडी. आपल्याकडे रस्त्यावर तसली जोडणी दिसते ती फक्त कंटेनर ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रेलरला. तिकडचे मालक मात्र वजनाच्या बाबतीत मारवाड्याच्या वर हिशेबी. पिकअपवर ट्रेलरचा किती टक्के भार यावा, प्रत्येक चाकावर किती, हे त्यांच्या तोंडी असतं. तिथे गाडीच्या दारापाशी एक लेबल लावावंच लागतं: माणसं आणि सामान धरून या गाडीत अजून किती वजन चढवता येईल. भाच्याने त्या लेबलाचा फोटो पाठवला होता. मी तो फॅब्रिकेटरला दाखवला. त्याने झूम करून पाहिला, आणि मला वाटलं पटलं. तो म्हणाला, "स्टिकर ना सार? आपण पण लावू. रेडियममध्ये."

कोल्हापूरच्या वाटेवर, संकेश्वरच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. घाटात नाही, खड्ड्यात नाही, सरळ सपाट हायवेवर. नशीब, वेग फार नव्हता. स्टेपनी कुठे होती? त्याच्या कल्पकतेमुळे पलंगाखाली, म्हणजे अंथरुणं, डबे, हिची औषधांची पेटी, सगळं रस्त्याकडेला उतरवल्यावर मिळणार. (स्टेपनी बाहेरून काढता आली पाहिजे. आपण अंधारात आणि पावसात उभे आहोत असं धरून तिची जागा ठरवा.) पंक्चरवाल्याने फुटलेला टायर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सायेब, टायर नवा हाय की. वजन लई झालंय तुमच्या गाडीत. काट्यावर घाला एकदा."

त्या पट्ट्यात भुईकाट्यांना तोटा नाही, सगळा उसाचा मुलूख. दोन ट्रॅक्टरांच्या मधे आमची घरगाडी रांगेत उभी. काटेवाल्याला मी तीन वजनं मागितली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. त्याने विचित्र नजरेने पाहिलं, पण केलं. पावती हातात आली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. एकूण वजन परवानगीच्या जेमतेम आत होतं. मागच्या ॲक्सलवर मात्र कंपनीच्या मर्यादेपेक्षा दोनशे किलोंहून जास्त. मग मी फक्त डावी चाकं काट्यावर घेतली. ओटा, फ्रिज, बॅटऱ्या, कपाट, सगळं एकाच बाजूला, आणि पावतीही तेच सांगत होती. म्हणजे टायर फुटला तो फुटायचाच होता, प्रश्न फक्त गावाचा होता.

मी तिथूनच फॅब्रिकेटरला फोन लावला. तो काय म्हणाला ते शब्दशः लिहून ठेवलंय: "सार, उसाच्या काट्यावर कोण विश्वास ठेवतं?"

आता उसाच्या काट्याबद्दल शेतकऱ्यांची तक्रार आहे, जुनी आहे आणि मला ठाऊक आहे. पण काटा मारतात तेव्हा वजन कमी दाखवतात हो, जास्त नाही! हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की दुसरा कॉल येतोय.

टाकीचं गणित एकदा नीट मांडतो, कारण यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं शाळेत झालंय. माझ्या टाकीत 150 लिटर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 3.35 मीटर. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे 1.2 मीटरवर टांगलेली. आता ॲक्सलवर 150 किलो येतात का? नाही. तरफेच्या हिशेबाने मागच्या ॲक्सलवर जवळजवळ 204 किलो येतात आणि पुढचा ॲक्सल 54 किलोंनी उचलला जातो. म्हणूनच वेगात स्टिअरिंग हलकं लागायचं. हे मी पहिल्या आठवड्यात सांगितलं, तर उत्तर मिळालं, "पॉवर स्टिअरिंग आहे सार." तेच पाणी दोन ॲक्सलच्या मधे, शक्य तितकं मध्यभागी आणि खाली ठेवा, दोघं मिळून भार वाटून घेतात. खर्च तेवढाच. पाइपाचे दोन मीटर जास्त लागतील.

सांडपाण्याची टाकी त्याने मागे, खाली, आणि तीही आडवी लावली. आपल्याकडच्या गतिरोधकांची उंची कुठल्या नियमाने ठरते ते देवालाच माहीत. गावागणिक टाकीचा तळ घासायचा. शिवाय ती रिकामी कुठे करायची? अमेरिकेत त्यासाठी जागोजाग सोय असते. आपल्याकडे महाराष्ट्राने आणि केरळने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, पण रस्त्यावर तुम्ही आणि तुमची टाकी. त्यामुळे संडासाला मोठी बसवलेली टाकी नकोच. बाहेरून खेचून काढता येणारी, हातात उचलून साध्या शौचालयात ओतता येणारी कॅसेट घ्या. वीस लिटरच्या आतबाहेरची. भरल्यावर जड होते, हे आधी उचलून पाहा.

विजेबद्दल माझा राग अजून शमलेला नाही. 12 व्होल्टवर 2000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण चालला तर बॅटरीतून 167 अँपिअर ओढले जातात, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरलं तर आणखी जास्त. त्याने लावलेली वायर घरातल्या गिझरला शोभेल अशी. हिने इंडक्शनवर चहा ठेवला आणि पाच मिनिटांत प्लास्टिक तापल्याचा वास. फ्यूज कुठे? बॅटरीपासून दोन मीटर लांब, इन्व्हर्टरच्या शेजारी, म्हणजे मधली सगळी वायर बिनधास्त. आणि तो फ्यूजही नव्हे, घरातला एसीचा एमसीबी! डीसीसाठी डीसीचाच ब्रेकर किंवा जाड फ्यूज लागतो, आणि तो बॅटरीच्या टोकाला वीतभर अंतरात. शेवटी मी जेसी रोडवरून 70 स्क्वेअर मिलिमीटरची केबल आणली, एसपी रोडवरून फ्यूज आणि होल्डर, आणि तिसऱ्या ब्लॉकातल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतलं. त्या सद्गृहस्थांनी जुनी वायर हातात घेतली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

200 अँपिअर-आवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज, बस. एक टनाचा एसी त्यावर दोन-अडीच तास. "रात्रभर एसी चालेल" असं कोणी सांगितलं तर त्याला गुणाकार करायला लावा.

गॅस. हा भाग मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. सिलिंडर त्याने पलंगाखालच्या बंद खणात ठेवला होता आणि गॅस गळतीचा अलार्म छताला लावला होता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, छताला पोचेपर्यंत आपण कुठे असू? अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर पाहिजे. सिलिंडरचं कपाट आतून हवाबंद, दार बाहेरून, आणि त्याच्या तळाला थेट रस्त्यावर उघडणारी जाळीची भोकं. घरचा 14.2 किलोचा तांबडा सिलिंडर गाडीत नकोच, पाच किलोचा पुरतो. हे सांगितल्यावर तो म्हणाला, की आजवर एकाही कस्टमरने तक्रार केलेली नाही. ज्याच्या गाडीत गळती झाली तो तक्रार करायला येईल कसा, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं ही म्हणते.

बाकीच्या गोष्टी पटापट. पाण्याचा पंप, त्याची गाळणी, झडपा, फ्यूजबॉक्स, प्रत्येक वस्तूला हात पोचला पाहिजे. माझा पंप प्लायच्या मागे खिळे मारून गाडून टाकला होता. खणांना किचनमधली चुंबकाची खिटी चालत नाही, पहिल्या वळणावर चमचे पायात. दाबून उघडायची कुलपं घ्या. चिकटवलेले कडक पाइप हादऱ्याने सांध्यात तडकतात, लवचीक घ्या. छतावर उंच काही नको, निदान जयनगरसारख्या ठिकाणी राहत असाल तर. इथल्या गल्ल्यांवरच्या पर्जन्यवृक्षांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात, माझ्या छतावरच्या पंख्याचं झाकण घरापासून हाकेच्या अंतरावर गेलं. पत्र्याला आतून उष्णतारोधक थर हवा आणि तो फोटो काढून पाहा, कारण प्लाय बसल्यावर आत काय आहे ते कळत नाही. चांगला माणूस बघा, घाई करू नका, सगळं लेखी घ्या. लेखी घेऊनही काय होतं ते वर आलंच आहे.

कागदपत्रांचं मात्र हलक्यात घेऊ नका. केंद्राच्या 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गाड्यांत मोडते, इथवर ठीक. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात तेच ठणकावून सांगितलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे. पुण्यात ज्या टेकडीला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथल्या त्याच संस्थेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणाहून मंजुरी घ्यावी लागते. फॅब्रिकेटरकडे तुमच्या मॉडेलच्या चासीवरची ती मंजुरी आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा आणि कागद हातात घेऊन वाचा. माझ्या माणसाने दाखवला तो दुसऱ्याच मॉडेलचा होता. नाव बारीक अक्षरांत होतं, मी वाचलं आणि दाखवूनही दिलं. "सेम टू सेम सार." आरसीवर बदलाची नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी कोणत्या सुरात बोलेल, ते ज्याचं त्याने ओळखावं.

फॅब्रिकेटरांनाही दोन शब्द, कोणी वाचत असेल तर. सांगाडा झाल्यावर एकदा, फर्निचर झाल्यावर एकदा, आणि पाणी, डिझेल, सिलिंडर भरून शेवटी एकदा, गाडी काट्यावर न्या आणि पावती मालकाला द्या. त्याला फार पैसे पडत नाहीत. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला वर्षाने एक फोन करून काय मोडलं ते विचारा. मोडलेल्या वस्तूंची ती यादी म्हणजेच तुमच्या पुढच्या गाडीचं डिझाइन आहे, त्यासाठी इंटीरियर डिझायनर लागत नाही.

पैशांचे हप्ते ठरवताना शेवटचा हप्ता मोठा ठेवा आणि तो ॲक्सलवार वजनाच्या पावतीशी बांधा, ताबा घेण्याच्या तारखेशी नाही. मी काही रक्कम अडवून ठेवली होती, ती अजून माझ्याकडेच आहे. टाकी आता मधे आली आहे, दगड गेला, त्या जागी साधा स्टीलचा पत्रा आहे, बॅटऱ्या उजवीकडे गेल्या. हा सगळा खर्च त्या रकमेतून वळता केला तरी थोडे पैसे उरतात. तो अधूनमधून फोन करून ते मागतो. मागच्या वेळी त्याने गाडीचे "आफ्टर" फोटोही मागितले, माहितीपत्रकात छापायला. फोटो मी दिलेले नाहीत. पैशांसाठी त्याला त्याच्या सहीच्या कागदाची प्रत पाठवली आहे, टाकीच्या आकृतीभोवती तांबडं वर्तुळ करून.