'रॉयल चार्ल्स'ची चित्रे आणि मुंबईचे आंदण

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा आणि पत्रव्यवहार आपल्या डोळ्यांपुढे येतात. जुन्या छापील चित्रांकडे मात्र आपण पुस्तकाची शोभा म्हणून पाहतो. वास्तविक चित्र हेही साधनच आहे. ते कोणी, कोणासाठी आणि कशासाठी काढले, हे तेवढे विचारले पाहिजे. डर्क स्टूप या डच चित्रकाराची १६६२ मधील चित्रमालिका या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह २३ जून १६६१ रोजी झाला. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्लंडचे पाठबळ हवे होते. त्याच्या मोबदल्यात मोठी रोख रक्कम, आफ्रिकेतील टँजिअर आणि आपली मुंबई देण्याचे ठरले. वधूला आणण्यासाठी सँडविचचा अर्ल एडवर्ड माँटेग्यू हा राजदूत व आरमारप्रमुख अशा दुहेरी नात्याने लिस्बनला गेला. एप्रिल १६६२ मध्ये राणी 'रॉयल चार्ल्स' या ८० तोफांच्या राजनौकेवर चढली आणि मेच्या मध्यास पोर्ट्स्मथ बंदरात उतरली.

स्टूप हा लिस्बनच्या दरबारी चित्रकार होता व तोही राणीबरोबर इंग्लंडला गेला. लिस्बनमधील मिरवणूक, राणीचे नौकारोहण, समुद्रात ड्यूक ऑफ यॉर्कची भेट, पोर्ट्स्मथचे आगमन असे प्रसंग त्याने अम्लरेखन पद्धतीने चितारले. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेषा ओढतात. उघड्या पडलेल्या रेषा अम्लाने खोल होतात आणि त्यांत शाई भरून ठसे काढतात. एका पत्र्यापासून अनेक प्रती निघत असल्याने दरबारचा सोहळा दरबाराबाहेरही पोचे. म्हणजे ही चित्रे एका परीने राजसत्तेची जाहिरातच होती.

नौकेचा इतिहासही बोलका आहे. १६५५ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीत ती 'नेस्बी' या नावाने बांधली गेली. राजाच्या पराभवाची आठवण देणारे ते नाव १६६० मध्ये बदलले आणि तिच्यावरूनच चार्ल्स मायदेशी परतला. पुढे १६६७ मध्ये डचांनी ती मेडवे नदीतून ओढून नेली. तिच्या पिछाडीचा कोरीव भाग आजही ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे.

पण चित्रात काय नाही, हा प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आंदण दिलेली मुंबई त्यात कोठेच नाही. तेथील कोळी, भंडारी, आगरी यांना कोणी विचारले नव्हते. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज जहाजे मुंबईला आली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने ताबा नाकारला. सर अब्राहम शिपमन आपले सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला. तेथे रोगराईने तो स्वतः व बहुतेक सैनिक मरण पावले. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकला ताबा मिळाला. १६६८ मध्ये राजाने वार्षिक १० पौंड भाड्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले.

या व्यवहाराचे पडसाद आपल्या खाडीपर्यंत आले. म्हसळा हा पुढे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाचा भाग होता आणि राजपुरीच्या खाडीचे मुख जंजिऱ्याच्या नजरेखाली होते. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयाला जाई. १६७४ मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला. त्याने सिद्दीशी समेट करण्याचे सुचवले, परंतु शिवाजी महाराजांनी ते मानले नाही. १६७९ मध्ये खांदेरीपुढे इंग्रज व सिद्दी दोघेही मराठ्यांविरुद्ध उभे राहिले.

लिस्बनमध्ये शिडे उभारली गेली आणि त्याचे परिणाम कोकणच्या किनाऱ्याने भोगले. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे चित्र दोनदा पाहावे: एकदा त्यात दिसणाऱ्यांसाठी आणि एकदा त्यात नसलेल्यांसाठी.