शुगर नॉर्मल आली म्हणजे झालं?

मुक्ता : मावशी, हल्ली लॅबच्या कुठल्याही पॅकेजात शुगरबरोबर एचबीएवनसी, इन्शुलिन, होमा-आयआर, सीआरपी असे ढीगभर आकडे छापून येतात. तू इतकी वर्षं पॅथॉलॉजीत आहेस. ज्याला आज मधुमेह नाही त्याला तो पुढे होणार का, हे यातला कुठला आकडा सांगतो?

मावशी : होणार की नाही, असा निकाल देणारा आकडा रक्तात नसतोच. शक्यता किती, एवढंच कळतं, आणि तेही दोन-तीन गोष्टी एकत्र वाचल्या तर. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला ते खोडायला सोपं जाईल. आपल्याकडच्या माणसाचा धोका ओळखायला नव्या महागड्या चाचण्यांपेक्षा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी मोजलेली साखर, कमरेचा घेर आणि आई-वडिलांचा मधुमेह या तीन गोष्टी जास्त कामाच्या आहेत. त्यातली पहिली चाचणी गरोदर बायका सोडल्या तर आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

मुक्ता : पण उपाशीपोटीची शुगर असतेच की. ती 92 आली, तर माणूस निर्धास्त का होऊ नये?

मावशी : कारण टाइप 2 मधुमेहात रक्तातली साखर उशिरा वाढते. आधी स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मग जास्त इन्शुलिन सोडून ती तूट भरून काढतात, आणि त्या जोवर पुऱ्या पडतात तोवर रिपोर्ट नॉर्मलच येतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात हे फार स्पष्ट दिसलं. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. साडेसहा हजार माणसांच्या जुन्या नोंदी होत्या आणि त्यातल्या 505 जणांना पुढे मधुमेह झाला. निदानाच्या दिवसापासून मागे मोजत गेल्यावर असं आढळलं की त्यांची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं अगदी मुंगीच्या पावलाने वाढत होती. तिने उसळी घेतली ती शेवटच्या तीन वर्षांत. इन्शुलिनला मिळणारी दाद मात्र निदानाच्या पाच वर्षं आधीपासूनच झपाट्याने ढासळत होती. म्हणजे उपाशीपोटीचा आकडा बोलायला लागतो तेव्हा बीटा पेशी थकत आलेल्या असतात. शिवाय तो आकडा मुख्यतः यकृताचा. रात्रभर यकृत थोडीथोडी साखर रक्तात सोडत असतं आणि सकाळी आपण तिचा हिशेब पाहतो. एकदम आलेला साखरेचा लोंढा स्नायू किती लवकर उचलतात आणि बीटा पेशी किती तत्परतेने इन्शुलिन सोडतात, हे उपाशी माणसात दिसणार तरी कसं?

त्यातून रक्त कसं हाताळलं गेलं हाही प्रश्न आहे. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. फ्लोराइड नसलेल्या नळीत रक्त तसंच ठेवलं, तर तासाला साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज कमी होतं. साखरेसाठी राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी वापरतात ती म्हणूनच. पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाही तास-दोन तास लागतात, आणि घरोघरी फिरून गोळा केलेलं रक्त दुपारी लॅबमध्ये पोचलं तर खरी 104 असलेली साखर कागदावर 98 दिसू शकते. जिथे 100 ही धोक्याची रेषा मानली आहे, तिथे एवढ्या फरकाने माणूस रेषेच्या अलीकडे राहतो.

मुक्ता : म्हणूनच तर एचबीएवनसी आलं ना? उपाशी राहायला नको, तीन महिन्यांची सरासरी मिळते, आणि नळीतल्या साखरेचा प्रश्नही मिटतो.

मावशी : ती चाचणी चांगलीच आहे, तिला नावं ठेवायला मी बसलेली नाही. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते तितकी आपण मोजतो. 2010 मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती निदानासाठी मान्य केली. 6.5 पासून पुढे मधुमेह. 5.7 ते 6.4 म्हणजे अमेरिकन व्याख्येनुसार प्रीडायबिटीस, ज्याला लोक बॉर्डरलाइन म्हणतात. पण या चाचणीचं सगळं गणित लाल पेशींच्या आयुष्यावर उभं आहे. लोह कमी असलं की पेशी जास्त दिवस रक्तात राहतात आणि साखर वाढलेली नसतानाही आकडा थोडा वर सरकतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की नव्या पेशी भराभर येतात आणि तोच आकडा खाली येतो. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेल आहे. अशा ठिकाणी 5.8 हा आकडा हिमोग्लोबिन न बघता वाचणं म्हणजे एका बाईला उगाच घाबरवणं किंवा दुसरीला खोटा दिलासा देणं. एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट नसेल, तर मी तरी त्यावरून धोक्याचा अंदाज बांधणार नाही.

मुक्ता : आणि जेवणानंतरची पीपी? ती तर सगळेच करतात. तू म्हणतेस ती ग्लुकोजची चाचणी तीच ना?

मावशी : इथेच गल्लत होते. पीपीला कोणी दोन पोळ्या खाऊन येतं, कोणी पोहे, तर कोणी नुसत्या चहा-बिस्किटांवर. ज्याला मधुमेह आहेच, त्याचे उपचार कसे चालले आहेत हे बघायला ती ठीक. धोका ओळखायला सगळ्यांना सारखंच ओझं द्यावं लागतं. किमान आठ तास उपाशी राहायचं, पहिलं रक्त द्यायचं, मग पाण्यात विरघळवलेलं 75 ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात चालायचं नाही, बिडी-सिगारेट ओढायची नाही. आदले तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. चाचणी चांगली यावी म्हणून कोणी भात-पोळी सोडून आलं तर साखर उलट जास्त येते. दोन तासांनी 140 च्या खाली नॉर्मल, 140 ते 199 म्हणजे शरीराला साखर पेलत नाही, आणि 200 पासून पुढे मधुमेह. उपाशीपोटी 92 असलेल्या माणसाचा दोन तासांचा आकडा 165 येणं यात नवल काही नाही.

मुक्ता : पण रक्तात याहून आधी दिसणाऱ्या खुणा सापडल्या आहेत, असं वाचलं होतं. त्या का नाही वापरायच्या?

मावशी : सापडल्या आहेत, आणि ते संशोधन मोलाचं आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातल्या 2,422 निरोगी माणसांच्या नोंदी तपासल्या. बारा वर्षांत त्यातल्या 201 जणांना मधुमेह झाला. त्यांच्या जुन्या, साठवून ठेवलेल्या रक्तात आयसोल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलानिन ही पाच अमिनो आम्लं आधीपासूनच वाढलेली होती. त्यातली तीन एकत्र धरली, तर सर्वांत वरच्या गटाचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या पाचपट भरला. स्वीडनमधल्या माल्मोच्या अभ्यासानेही याला दुजोरा दिला. बारा वर्षं आधी खूण दिसते, ही साधी गोष्ट नाही. पण पाचपट हा आकडा दोन टोकांची तुलना करतो, आणि बहुतेक माणसं मधे असतात. वय, वजन, घरातला इतिहास आणि उपाशीपोटीची साखर आधीच माहीत असली, तर या चाचणीने अंदाज थोडासाच सुधारतो. दुसरं असं की ही आम्लं मधुमेह घडवतात, की इन्शुलिनला दाद मिळेनाशी झाल्यामुळे ती साठतात, यावर अजून वाद आहे. इन्शुलिन मोजून काढलेल्या होमा-आयआरचंही तसंच. संशोधनात गटागटांची तुलना करायला तो उत्तम. पण इन्शुलिन मोजण्याच्या पद्धती लॅबगणिक वेगळ्या असल्यामुळे एका माणसासाठी सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. त्याऐवजी लिपिड प्रोफाइलमधलं ट्रायग्लिसराइड वाढलेलं आणि एचडीएल कमी, ही जोडी बघ. तिच्याकडे लोक फक्त हृदयासाठी पाहतात, पण इन्शुलिनला दाद मिळत नसल्याचीही ती खूण आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

मुक्ता : बरं, पण जो मुळात बारीक आहे, त्याने कशाला हे सगळं करायचं? मधुमेह जाड माणसांना होतो.

मावशी : या समजुतीला उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा : 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघेही सडपातळच. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली, तेव्हाही हेच दिसलं : वजन कमी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. स्नायू कमी म्हणजे साखर उचलणारी जागाच कमी. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कंबर बघायची. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावायचा. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने तयार केलेल्या इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअरमध्ये पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटरपासून पुढे गुण लागू होतात. वय, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह धरून 100 पैकी 60 किंवा जास्त गुण झाले, की धोका मोठा. या गुणांसाठी रक्ताचा थेंबही लागत नाही.

मुक्ता : मग रक्त काढायचंच कशाला? सगळ्यांनाच सांगावं, चाला आणि जपून खा. उगाच निरोगी माणसाच्या कपाळी प्रीडायबिटीसचा शिक्का कशाला मारायचा? आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीत असे 13 कोटींहून जास्त लोक निघाले. त्या सगळ्यांना काही मधुमेह होत नाही.

मावशी : नाही होत. काही जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काहींची साखर पुन्हा नॉर्मल होते. शिक्क्याची भीती खरी आहे, आणि ती दाखवून गोळ्या-पावडरी विकणारेही आहेत. पण सगळ्यांना सारखा सल्ला दिला की तो कोणीच मनावर घेत नाही. आणि धोका कमी होतो याचा भक्कम पुरावा ज्या प्रयोगांतून आला, त्यांतली माणसं निवडली होती ती ग्लुकोजच्या चाचणीने. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेला प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन तासांची साखर वाढलेले 531 जण त्यात होते. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा नेटाने पाठपुरावा केलेल्या गटात 39 टक्के. दहा वर्षांनी, 2016 मध्ये, चेन्नईतल्याच दुसऱ्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली होती, त्यांना आहार-व्यायामाचा फायदा सर्वांत कमी झाला. दोन तासांची वाढलेल्यांना चांगला झाला. म्हणजे ही चाचणी नुसता धोका दाखवत नाही, मेहनत कुठे फळेल तेही दाखवते. मी तिच्यासाठी भांडते ते म्हणून. 13 कोटींना घाबरवायचं नाही. आधी स्कोअर काढायचा आणि 60 किंवा जास्त गुण असलेल्यांनाच ग्लुकोज प्यायला बसवायचं.

मुक्ता : दोन तास लॅबमध्ये बसून राहणं रोजंदारीवरच्या माणसाला परवडेल?

मावशी : हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कामाचा अर्धा दिवस बुडवायला सांगताना त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न आरोग्यव्यवस्थेने स्वतःला विचारायला हवा. आता एक वाट निघते आहे. 2024 मध्ये इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनने 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर एकाच तासाने साखर मोजायची शिफारस केली. 155 पासून पुढे धोका आणि 209 पासून पुढे मधुमेह. वेळ निम्म्यावर येतो आणि धोका आणखी आधी कळतो. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी सातला सुरू केली, तर माणूस नऊच्या आत कामावर जाईल.

मुक्ता : आणि एकदा नॉर्मल आली की सुटलो?

मावशी : तीन वर्षांपुरते. नॉर्मल असेल तर निदान तीन वर्षांनी पुन्हा, मधल्या पट्ट्यात असेल तर दरवर्षी, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, म्हणजे आधीच्या आकड्याशी तुलना करता येते. 96 वरून 99 आणि मग 103, हा चढ एकट्या 103 पेक्षा जास्त सांगतो. जुने रिपोर्ट फेकू नयेत ते त्यासाठी. आणि एका गटाला मी हे पुन्हा पुन्हा सांगेन : गरोदरपणात साखर वाढलेल्या बायका. बाळंतपणानंतर साखर उतरते, बाळाच्या लसी वेळेवर होतात, पण आईची ग्लुकोजची चाचणी राहून जाते. इतर बायकांच्या तुलनेत त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जवळपास दहापट असतो. बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत त्यांची 75 ग्रॅमची चाचणी व्हायला हवी. नेमका तेव्हा रक्तक्षय असतो, म्हणून तिथे एचबीएवनसीवर भागवायचं नाही. पुढेही जन्मभर, दर एक ते तीन वर्षांनी तपासणी. बाळाला लस द्यायला आणलं, की त्याच खेपेला आईचं रक्त घेता येईल.