छपराचा पाठ

महाड-पोलादपूर भागात पावसाळ्यापूर्वी घरे शाकारताना शेजारीपाजारी एकमेकांच्या मदतीस जात. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई, आणि एखादे काचेचे कौल बसविले की दिवसा दिवा लावावा लागत नसे. पुढे पत्रे व स्लॅब आले. शाकारणीची दगदग सरली (माकडांनी कौले फोडणेही थांबले, हे मान्य केले पाहिजे); परंतु घर तापू लागले व विजेचा पंखा दिवसभर फिरू लागला.

शिक्षकबंधुभगिनींनी हा विषय प्रयोगाने शिकवावा. फाल्गुनात दुपारी दोन वाजता कौलारू व पत्र्याच्या खोलीतील तापमान मुलांनी आठवडाभर टिपावे आणि ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवावे. पांढरा रंग ऊन परतवितो, म्हणून स्लॅबला चुन्याचे दोन हात द्यावेत. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. तेलंगण राज्याने तर २०२३ साली अशा शीत छपरांसाठी धोरणच जाहीर केले. चुना पावसात धुपतो, तेव्हा हे काम दरवर्षी, शाकारणीप्रमाणेच, वाडीने मिळून करावयाचे आहे. आरंभ शाळेपासून व्हावा. चुलीच्या खोलीत मात्र तट्ट्या बांधू नयेत.